मागच्या सीटचं माप

गाडी दुरुस्तीच्या धंद्यात मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘एक नंबर हवं आणि स्वस्तही हवं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची. आमच्या चौकातले मास्तर त्यातलेच. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. गळ्यात कायम टेप. झोपतानाही काढत नसावेत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली, चालवायला शिकले, आणि त्यानंतर शिकतच राहिले. त्यांची बायको कधी त्यांच्या शेजारी बसली नाही. “समोरून येणारं संकट बघायला नको,” म्हणत वहिनी मागच्या सीटवर बसायच्या आणि रस्ताभर कपड्यांच्या कडा दुमडून टाके घालत राहायच्या. सुई बोटात घुसली की मागून ओरड यायची, “अहो, खड्डा!” जणू तो मास्तरांनीच खणून ठेवला होता.

वहिनी अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. त्या बसल्या की गाडी मागून दोन बोटं खाली जायची. मास्तर मला डोळा मारायचे आणि म्हणायचे, “बघा मिस्त्री, घरात वजन कुणाचं आहे ते.” वहिनी खिडकीतून त्यांच्या पाठीत गुद्दा घालायच्या. ते दोघं आले की माझ्यासारख्या खडूस माणसालाही बरं वाटायचं.

मग वहिनी दिसेनाशा झाल्या. पाठीच्या मणक्यांचा आजार, हाडं आतून पोखरली गेलेली. बरेच महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. आता डॉक्टरांनी दर आठवड्याला उपचाराला आणायला सांगितलं होतं, आणि इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधला रस्ता म्हणजे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मास्तर एकटेच गॅरेजवर आले आणि म्हणाले, “मिस्त्री, मागचं सगळं बदलायचं. तिला हादरा बसता कामा नये.”

मी गाडी वर उचलून पाहिलं. मागच्या स्प्रिंगा दमलेल्या, शॉकअपमधून तेल गळत होतं, रबरी बुशांचा भुगा झालेला. कंपनीचे भाग घालायचे तर नाकापेक्षा मोती जड झाला असता. कंपनीबाहेरच्या, स्वस्त बनावटीचे घ्यायचे ठरले. त्यातही शॉकअप बरे घेतले आणि बुश मी जुन्या गाडीतले चांगले बघून काढले. राहिल्या स्प्रिंगा. एकाच किमतीत दोन प्रकार होते, साध्या आणि कडक.

“मागे वजन किती असणार, त्यावर ठरतं,” मी म्हणालो. “स्प्रिंगेवर तिच्या जोगतं वजन असलं तर ती दबते आणि हादरा गिळते. वजन कमी पडलं तर दबतच नाही, हादरा सरळ माणसाला. आता वहिनींचं वजन किती?”

मास्तरांनी आकडा सांगितला. वर म्हणाले, “शिवाय गादी असेल, उशा असतील, सामान असेल. आणि आता औषध लागू पडलं की अंग भरेलच ना तिचं. कडकच घाला.”

“मास्तर, साध्या पुरतील.”

“अहो, आमच्या धंद्यात बेताचं कापड कापणारा उपाशी मरतो. शिवणीत दोन बोटं जास्त सोडावीच लागतात. उद्याचं कुणी पाहिलंय?”

मी म्हटलं, गिऱ्हाईक तुम्ही, गाडी तुमची. कडक स्प्रिंगा घातल्या. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, मागच्या चाकाच्या आणि वरच्या पत्र्याच्या मधलं अंतर मोजलं आणि खूश होऊन म्हणाले, “कशी ताठ उभी राहिलीय! आता ती बसली की बरोबर मापात येईल.” मी हसलो. शर्टाची ट्रायल घेतात तसं त्यांचं चाललं होतं.

पुढच्याच आठवड्यात ते परत आले. गाडी चालण्याच्या वेगानं येत होती आणि मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. मास्तर उतरले तर तोंड पांढरंफटक. “इस्पितळातून येतोय,” म्हणाले, “सगळा रस्ता ओरडत होती ती. शेवटी शेवटी ओरडायचंही थांबली.”

मी मागच्या काचेतून आत पाहिलं. आधी मला कुणी दिसलंच नाही. गादी होती, उशा होत्या, चादर होती. मग चादरीतून एक हात बाहेर आला आणि त्या हातानं मला नमस्काराची खूण केली. वहिनी होत्या त्या.

मास्तर चाकाशी खाली बसले आणि टेप लावला. पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही लावला. रिकाम्या गाडीचं जे माप त्या दिवशी आलं होतं तेच आजही होतं, दोऱ्याचाही फरक नव्हता. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले, “मी तुम्हाला तिचं जुनं माप दिलं.”

रोज उचलून बसवणारा, अंग पुसणारा माणूस हा. त्याला वजन ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं, पण तोंडानं सांगवलं नाही. आतून वहिनींचा आवाज आला, अगदी बारीक, पण ठसका तोच.

“यांचं असंच असतं हो. आयुष्यभर मला सैल कपडे शिवले. म्हणे, अंगाला येतील.”

मास्तर हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही.

बसवलेल्या स्प्रिंगा दुकानदार परत घेईना. मी त्याच्याशी भांडलो, तरी नाही. दुसऱ्या घ्यायला मास्तरांकडे काही उरलं नव्हतं. मग मीच म्हणालो, “स्प्रिंगा बदलता येत नाहीत, तर वजन वाढवू. डिकीत वाळूची पोती टाका.” मास्तरांनी पोती आणली नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींचं शिलाई मशीन आणलं. ओतीव लोखंडाचं, पायाच्या पेडलसकट. म्हणाले, “घरात नुसतं उभं आहे. तिच्याच कामाला येऊ दे.” आम्ही दोघांनी ते गोधडीत गुंडाळून डिकीत आडवं केलं, दोरीनं आवळलं. गाडी मागून खाली बसली. मी स्वतः मागच्या सीटवर आडवा झालो आणि मास्तरांना समोरच्या गतिरोधकावरून गाडी न्यायला सांगितली. बरीच मऊ गेली. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच.

त्यानंतर वहिनी बऱ्याचदा इस्पितळात गेल्या आल्या. एकदा तर येताना झोप लागली होती, असं मास्तर मुद्दाम थांबून सांगून गेले. दुसऱ्या एका खेपेला वहिनींनी सुईदोरा मागून घेतला आणि पडल्या पडल्या रुमालाला कड घातली. टाके वाकडे होते, पण बोटात सुई घुसली नव्हती. तो रुमाल मास्तरांनी मला दाखवला आणि मी नीट पाहायच्या आत परत खिशात ठेवला.

वहिनी गेल्या त्या घरीच, दुपारी. हा आजार बरा होणाऱ्यातला नव्हता, सगळ्यांना माहीत होतं. तरी बातमी ऐकली आणि माझ्या हातातला पाना सुटला.

काही दिवसांनी मास्तर आले. “मशीन उतरवून द्या,” म्हणाले. आम्ही दोरी सोडली आणि दोन बाजूंनी धरून ते बाहेर काढलं. गाडीची मागची बाजू वर उठली. मी एका भंगारातल्या गाडीच्या साध्या स्प्रिंगा वहिनींसाठी म्हणून बाजूला काढून ठेवल्या होत्या, मिळायला उशीर झाला होता. “निदान आता बदलू या,” मी म्हणालो. “एकट्यानं फिरायला ही गाडी फार उडेल.”

मास्तर ऐकत नव्हते. त्यांनी टेप काढून चाकाशी लावला होता.

“हेच माप होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी ती आत होती, तेव्हाही हेच होतं. आता ती नाही हे मला कशावरून कळायचं, मिस्त्री?”

मशीन मी माझ्या हातगाड्यावरून घरी पोचवतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. जाताना सवयीनं आधी मागचं दार उघडलं, थोडा वेळ धरून उभे राहिले, मग हलकेच लावून पुढे बसले. स्प्रिंगा बदलायचं नावच काढलं नाही.

समोरच्या गतिरोधकावर त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली. आधी एक चाक चढवलं, मग दुसरं, मागे कुणी झोपलंय अशा बेतानं. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी रस्त्यात जाऊन त्याच्या बॉनेटवर थाप मारली आणि ओरडलो, “थांब की जरा! दिसत नाही, मागे पेशंट आहे?”