आगुनबाबूंच्या घरची आग

कलकत्त्यात बालीगंजच्या त्या गल्लीत गुरुदत्त सबनीसांना नावानं फारसं कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते 'आगुनबाबू'. आगुन म्हणजे बंगालीत आग. ते विमा कंपनीत आगीच्या दाव्यांचं काम पाहत. कुठं तागाची वखार पेटली, कुठं गोदाम जळालं, की विझल्यावर तिथं जाऊन आग कुठून लागली ते ठरवायचं. जळक्या लाकडावर नुसता हात फिरवून ते सांगत, "इथून सुरुवात."

हे खातं त्यांनी घरीही आणलं होतं. स्टोव्हला पिन करताना पदर खोचलेला हवा. काडी विझली तरी पाण्यात बुडवूनच टाकायची. पत्नी सुहासिनी म्हणे, "आमच्या घरी फोडणीसुद्धा परवानगी काढून द्यावी लागते."

घरमालकीण प्रेमलता बोस खाली एकट्या राहत. त्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणे. मुलगा अनिमेष बायकामुलांसह डमडमला होता. रोज तिन्हीसांजेला शंख वाजवून मासीमा धुनुची पेटवत. धुनुची म्हणजे मातीचं मोठं धुपाटणं. आत नारळाची शेंडी धुमसत ठेवायची आणि वर राळ भुरभुरायची. ती घेऊन त्या खालच्या खोल्या, जिना, आणि मग बेधडक सबनीसांच्या खोल्यांतूनही फिरत. भाडेकरू असला म्हणून काय झालं, घर एकच.

"मासीमा, निखारे घेऊन जिना चढू नका," सबनीस हिंदीत सांगत.

"ओ बाबा! या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू पाळण्यातही नव्हतास," त्या आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणत आणि त्यांच्याच नाकाखालून धूर फिरवत पुढं जात. "बौमा, तुझ्या नवऱ्याला जरा बाजूला कर. मच्छर आणि तो, दोघंही धुराशिवाय हलत नाहीत."

सुनेला हाक मारावी तशी त्या सुहासिनीला बौमा म्हणत.

पाडव्याचा आदला दिवस. गुढी उभारायची ती रस्त्यावरच्या गॅलरीत. तिथल्या दाराच्या झडपांचा हिरवा रंग पोपडे धरून लोंबत होता. अशा दारापुढं गुढी उभी करणं सबनीसांना पटेना. आधीचा रंग काढल्याशिवाय वर नवा बसत नाही, म्हणून त्यांनी ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाकडून रॉकेलवर चालणारा पितळी ब्लो-लॅम्प आणला. पंप मारायचा स्टोव्हच तो, फक्त ज्योत आडवी. त्या आचेनं रंग फुगतो आणि पत्र्याच्या सुरीनं सोलून निघतो.

काम त्यांनी शिस्तीत मांडलं. पडदे उतरवले. दारं-खिडक्या उघडल्या, कारण जुन्या रंगाचा धूर छातीत जाऊ नये. नाकाला ओला रुमाल बांधला. वाळूची बादली डावीकडे, पाण्याची उजवीकडे. वरच्या काचेला तडा जाऊ नये म्हणून पत्रा आडवा लावला. ज्योत एका जागी थांबू द्यायची नाही, रंग फुगला की आच पुढं सरकवायची. लॅम्प खाली ठेवायचा तो विटेवर, तोंड भिंतीकडे करून. मुलगी लीना बघायला आली तर त्यांनी तिला खडूनं रेघ आखून दिली, "हिच्या अलीकडे यायचं नाही."

"बाबा, मी काय वखार आहे?" लीना म्हणाली.

दुपार कलली तेव्हा फक्त चौकटीचा वरचा कोपरा उरला होता. तिथं लाकूड भेगाळलं होतं आणि भेगेतून गवताच्या दोन काड्या डोकावत होत्या. चिमणीचं घरटं. सबनीसांनी सुरीनं काड्या ओढून काढल्या. आतली पोकळी केवढी आहे, त्यात आणखी किती गवत आहे, हे बघायला चौकटीची पट्टी उचकटावी लागली असती. पोकळीच्या तोंडाशी ज्योत धरू नये, हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं. पण कोपराच तेवढा राहिला होता. त्यांनी ज्योत धरली, रंग फुगला, सोलला.

आतून सुहासिनीची हाक आली, "अहो, गाठी कोण आणणार?"

गुढीला घालायच्या साखरेच्या गाठी कलकत्त्यात मिळत नसत. बागबाजारला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या श्यामरावांकडे त्या दरवर्षी नागपूरहून येत, आणि उशीर झाला की संपत.

"नाहीतर मी बत्तासे ओवते. इथले बत्तासे काही वाईट नसतात."

"बत्ताशांची माळ म्हणजे गाठी नव्हे," सबनीस म्हणाले आणि हात धुवायला गेले. काम झाल्यावर तासभर जागा सोडायची नाही, लाकूड आत धुमसत राहतं, हाही त्यांचाच नियम. चप्पल घालताना तो त्यांना आठवला.

सुहासिनी म्हणाली, "इथं कुणी बसायला हवं का?"

"कशाला? झालंय सगळं."

दोन ट्रामा बदलून ते बागबाजारला गेले. श्यामरावांनी चहा दिला, नागपूरच्या उन्हाच्या गोष्टी सांगितल्या. गाठींचा पुडा घेऊन सबनीस परतले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि गल्लीत माणसं जमली होती.

गॅलरीचं दार जळालं होतं. शेजाऱ्यांनी बादल्या ओतून आग विझवली होती. जिन्यावरून काळं पाणी उतरत होतं. सुहासिनी आणि लीना रस्त्यात उभ्या होत्या, दोघी धडधाकट. आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर मासीमा बसल्या होत्या. शेजारी धुनुची पालथी पडलेली. त्या वर धूर फिरवून खाली उतरल्या आणि थोड्याच वेळात वर जाळ दिसला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त माहीत करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

निरोप गेल्यावर अनिमेष टॅक्सीनं आला. आईला ओरडायचं धाडस नव्हतं म्हणून तो सबनीसांकडे वळला. "आगुनबाबू, तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा. मी दोन वर्षं हिला म्हणतोय, डमडमला चल."

सबनीस वर गेले. हातातला गाठींचा पुडाही खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. बॅटरीच्या उजेडात बघायला त्यांना वेळ लागला नाही. झडपांचा खालचा भाग, जिथून धुनुची फिरली होती, नुसता काजळला होता. वरचा कोपरा मात्र आतून पोखरल्यासारखा जळाला होता, बाहेरची पट्टी पापुद्र्यासारखी उरलेली. आग बाहेरून आत गेली नव्हती. आतून बाहेर आली होती. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यांनी तिथं बोट ठेवून म्हटलं असतं, इथून सुरुवात.

ते खाली आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"ठिणगी..." ते म्हणाले, "एखादी उडू शकते."

"माझंच चुकलं," मासीमा म्हणाल्या. "हात हलला असेल."

आणि सबनीस म्हणाले, "वयाप्रमाणे होतं असं, मासीमा."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पाडव्याला गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली. गाठी घातल्या. सुहासिनीनं श्रीखंड वाढलं, ते सबनीसांनी लीनाच्या ताटात सरकवलं. तिन्हीसांजेला शेजारपाजारच्या घरांतून शंख वाजले. खालून काहीच आलं नाही. लीनानं विचारलं, "मासीमा आज का नाही आल्या?" तेव्हा ते उठून न्हाणीघरात गेले आणि उगाच हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मासीमांची ट्रंक भरायला सुरुवात झाली. खालच्या खोल्यांना कुलूप लावायचं ठरलं. त्या वर आल्या, हातात घासूनपुसून कोरडी केलेली धुनुची.

"बौमा, ही तू ठेव. डमडमला सुनेला धूर सोसत नाही. आगुनबाबू तुला नीट कशी धरायची ते शिकवील."

यात टोमणा नव्हता. असता तर सबनीसांना सोपं गेलं असतं.

मासीमा उतरून गेल्यावर सुहासिनी धुनुचीकडे बघत म्हणाली, "तुम्ही बागबाजारला गेलात ना, तेव्हा जळका वास येत होता. मासीमा यायच्या बऱ्याच आधी. मला वाटलं, तापलेल्या रंगाचाच असेल. तुम्ही झालंय म्हणालात म्हणून उठून बघितलं नाही."

ती पुढं म्हणाली, "मला आगीतलं काय कळतं म्हणा." आणि पोळ्या लाटायला गेली.

सकाळी टॅक्सी दाराशी लागली. शेजारी निरोपाला उभे होते. ट्रंक टपावर चढत असताना सबनीस खाली आले.

"अनिमेषबाबू, जरा वर चला."

"आता? उशीर होतोय."

"चला. मासीमा, तुम्हीही या."

जळक्या चौकटीपाशी त्यांनी सुरीनं पट्टी उचकटली. राखेसोबत अर्धवट जळालेलं गवत खाली पडलं. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथून सुरुवात. दुपारी मी इथं ज्योत धरली. गवत दिसलं होतं. नंतर थांबलोही नाही. धुनुचीचा काही संबंध नाही."

अनिमेष आधी चौकटीकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिला. "हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही. त्याच संध्याकाळी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

लोक काय म्हणतील, आगुनबाबूंच्याच घरी आग, एवढंच कारण होतं, आणि ते उच्चारण्यासारखं नव्हतं.

मासीमांचा चेहरा कठीण झाला. "दोन दिवस मी माझ्या हातांकडे बघत बसले," त्या म्हणाल्या. "पाण्याचा पेला धरून बघत होते, कापतात का. आणि तू वरून माझी पावलं ऐकत होतास."

"मासीमा, मी..."

"राहू दे." त्या मुलाकडे वळल्या. "अनि, ट्रंक उतरव."

खाली जाऊन सबनीसांनी तेच सगळ्या गल्लीसमोर पुन्हा सांगितलं. कुणीतरी हसलं, कुणी जीभ चावली. टॅक्सी रिकामी गेली. धुनुची सुहासिनीनं परत नेऊन दिली.

त्या तिन्हीसांजेला खाली शंख वाजला. राळेचा वास जिन्यातून वर आला. सुहासिनीनं दार सताड उघडून ठेवलं आणि सबनीस आत उभे राहिले. धूर वळणावर दिसला, मागून मासीमा. हात अजिबात हलत नव्हता. शेवटच्या पायरीवर त्यांनी धुनुची एकदा ओवाळली, उंबऱ्याकडे पाहिलं आणि त्या मागं फिरल्या.

सबनीसांनी नवी झडप बसवली, रंगवली. बदली होईपर्यंत ते कलकत्त्यात होते. मासीमा लीनाला बोलावून संदेश, ती छेन्याची मिठाई, खायला देत, सुहासिनीशी जिन्यात हसून बोलत. पण धुनुची रोज शेवटच्या पायरीपर्यंतच आली. दार मात्र सबनीस स्वतः, रोज, शंख वाजला की उघडून उभे राहत.