शेवटच्या चौकटीतला रामनाथ

“सगळेच त्या पी.ए.वर विश्वास ठेवतायत. तो खोटं बोलतोय असं म्हणणारा एक तरी माणूस आण,” आमचे आवृत्तीप्रमुख जाधवसर टेबलावरचे फोटो सारत म्हणाले. “नाहीतर पान एकतर्फी होतं.”

“माणूसच मिळत नाहीये, सर.”

“एवढ्या मोठ्या नाशकात?”

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशिकच्या एका दैनिकात रिपोर्टर होते. एका माजी मंत्र्याच्या पी.ए.ला भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली होती. त्याने चौकशी आयोगापुढे साक्ष दिली, की कैद्यांच्या शिक्षामाफीच्या फायली बंगल्यावर पैसे पोचल्याशिवाय हलत नसत. शिक्षामाफी म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल कैद्याची उरलेली शिक्षा सरकारने सोडून देणं. मंत्री म्हणाले, मी त्याला वाचवलं नाही म्हणून तो सूड उगवतोय. गावभर दुसरा विषय नव्हता.

असं काही झालं, की आम्ही लोकांच्या प्रतिक्रिया छापायचो. पासपोर्ट साइझचा फोटो, नाव आणि खाली दोन ओळी. ऑफिसात त्यांना आम्ही ‘मुंडकी’ म्हणायचो. फोटोग्राफर सलीमच्या स्कूटरवर मागे बसून मी मुंडकी गोळा करत हिंडायचे. स्कूटर चढावर बंद पडायची, रोलमध्ये फोटो किती उरलेत याची धाकधूक असायची. आता प्रतिक्रिया मोबाइलवर येतात. सोय झाली, पण मला त्या स्कूटरची फार आठवण येते.

पिंपळगावच्या मार्केटात एक कांदा व्यापारी म्हणाला, “घरातलाच माणूस हाय तो. त्याला नाय ठाऊक तर कोणाला?” मी म्हटलं, “पण त्याला स्वतःलाच शिक्षा झालीये.” तर म्हणे, “मंग? उगाच झाली का?” मी लिहून घेतलं.

दुपारी सातपूरला गेलो. शिफ्ट सुटायची वेळ होती. कारखान्याच्या गेटासमोरच्या टपरीवर तेच सूर ऐकू येत होते. तेवढ्यात एका कामगाराने चहाचा ग्लास खाली ठेवला. “मॅडम, माझं लिहा. मी कोणाला एक रुपया दिला नाय.”

सगळे हसले. “रामनाथला विचारा, मॅडम! त्याला माफी मिळालीये. किती मोजले ते सांगेल!”

रामनाथने मला बाजूला घेतलं. तो निफाडकडचा. बांधावरच्या मारामारीत एक माणूस गेला, त्यात त्याला जन्मठेप झाली होती. तुरुंगात सुतारकाम केलं, वागणूक चांगली, म्हणून माफी मिळून काही वर्षांपूर्वी, याच मंत्र्याच्या काळात सुटला होता.

“अहो, फोटो छापला तर सगळ्या नाशकाला कळेल, तुम्ही आत होतात,” मी म्हटलं.

“कळू द्या. माझी पोरगी बारावीला हाय. रोज डबा तीच भरायची. त्या साक्षीची बातमी वाचली आन् इचारलं, पप्पा, तुम्ही पण दिले होते का? मी नाय म्हटलं. तिनं मान हलवली, पण तवापास्नं डबा काय भरला नाय. छापलेलं खरं मानती ती. त्याचं छापलं, तसं माझं बी छापा.”

“बाकीच्यांनी पैसे दिले नसतील?”

“त्यांचं मला काय ठाऊक? मी माझं सांगतो.”

मी तेवढंच लिहिलं. सलीमने फोटो काढला.

त्या काळी मजकूर चकचकीत ब्रोमाइड कागदावर छापून निघायचा आणि पेस्टर तो कापून पानावर चिकटवायचा. आमचे पेस्टर मोरेकाका. त्यांच्या टेबलाचा डिंकाचा वास मला अजून येतो. संध्याकाळी पान लागलं आणि जाहिरात आली. कुणाची? त्याच माजी मंत्र्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा! सलीम पोट धरून हसला. मला हसू येईना, कारण आता एक मुंडकं जाणार होतं.

पेपरात जागा कमी पडली की खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, असं धरलेलं असतं. सगळ्यात खाली रामनाथ होता आणि काकांचं ब्लेड त्याच्यापर्यंत पोचलंही होतं.

“काका, वरून कापा!”

“ताई, माझ्या उभ्या नोकरीत वरून कापलं नाही.”

वर एक नगरसेवक होते. ‘कायदा आपले काम करील’ एवढंच बोलले होते.

“तो उद्या माझ्या उरावर बसेल,” जाधवसर म्हणाले.

“सर, त्यांचा फोटो आपण कायमच छापतो. याचा पुन्हा कधी येणार?” आणि मी त्यांना पोरीच्या डब्याचं सांगितलं.

सरांनाही मुलगी होती. चष्मा पुसत ते म्हणाले, “मोरे, काप वरून.”

दुसऱ्या दिवशी नगरसेवकांचा फोन आलाच. वाचकांचेही आले, पण जवळजवळ सगळ्यांचं एकच म्हणणं, याचीही वर कुणाशी तरी ओळख असणार! शिक्षा झालेल्या पी.ए.चं सगळं खरं आणि याचं तेवढं खोटं. मला लोकांचा भयंकर राग आला. आपण बिचाऱ्याला उगाच चव्हाट्यावर आणलं, असं वाटून मी सातपूर गाठलं.

टपरीवर चेष्टा चालूच होती. “पेपरवाल्यांनाबी मोजले का रे?” रामनाथ मात्र शांतपणे डबा उघडत होता. मेथीची भाजी आणि वेड्यावाकड्या चपात्या.

“पोरीनं भरलाय,” तो म्हणाला.

“काय म्हणाली?”

“काय नाय. फोटो चांगला नाय आला म्हणली.” आणि त्याने अर्धी चपाती माझ्यापुढे धरली. मी टपरीवर उभ्या उभ्याच ती खाल्ली.

पी.ए.ची साक्ष खरी होती की खोटी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मोरेकाका आता नाहीत, ब्रोमाइडही गेलं. पानं कॉम्प्युटरवर लागतात, पण कापतात अजून खालूनच. नवे रिपोर्टर विचारतात तेव्हा मीही तेच शिकवते, खालूनच कापा. फक्त कापण्याआधी खाली कोण आहे, तेवढं वाचून घ्या.