कडांसकट

बाबा माझ्यावर शेवटचे रागावले, ते एका सँडविचवरून.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन.

बाबा गिरणीत कापड विणायचे. संप लांबत गेला, गिरणी काही परत सुरू झाली नाही. शेजारपाजारचे गावी गेले. बाबांनी करी रोडला सँडविचची गाडी लावली.

चाळीत टोमणे झालेच. "विणकर माणूस, आता काकड्या कापणार?"

बाबा म्हणाले, "हात तेच आसत ना?"

आणि खरंच, हात तेच होते. बटर पार कोपऱ्यापर्यंत. चटणी दोन्ही स्लाइसना. टोमॅटो कायम मधे, नाहीतर ब्रेड भिजतो.

कडा मात्र कापायच्या नाहीत. कोणी "साइड काट के देना" म्हटलं की बाबांचं ठरलेलं, "किनार काटेगा तो कपडा उसवेगा, साब."

गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आई कपाळाला हात लावायची. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

शेवटी बाबांनी अंथरूण धरलं. दात नव्हते. डॉक्टर म्हणाले, मऊच द्या. बाबांनी मागितलं सँडविच.

मी मायेने केलं. कडा कापून, छोटे चार तुकडे.

त्यांनी एक उचलला. कडेवरून बोट फिरवलं.

"किनार खंय गेली?"

"बाबा, चावणार नाही तुम्हाला."

"लोकांका जन्मभर नाय म्हटलंय. आणि घरातच कापलंस? दुसरां कर."

केलं. कडांसकट.

त्यांनी कडा तेवढ्या तोडल्या, चहात बुडवून चोखून चोखून खाल्ल्या. चांगला अर्धा तास लागला.

मधला मऊ भाग माझ्यापुढे सरकवला. "तू खा गो."

चारच दिवसांनी गेले.

ते आजारी पडल्यापासून गाडी बंद होती. नवरा म्हणतो, आता सगळे टॉवरवाले, कडा काप, मेयो ठेव, धंदा चालेल. त्याचंही चूक नाही.

आज सकाळी गाडी उघडली. पहिलंच गिऱ्हाईक, "दीदी, साइड काट के."

सुरी हातात होती. खूप वाटलं, बोहनी आहे, देऊन टाकावं.

"नाही मिळणार," म्हटलं.

तो गेला. जाऊ दे. त्याचं सँडविच मीच खाल्लं, उभ्या उभ्या, कडेपासून सुरुवात करून. रडले पण.

उद्याही गाडी लावणार. परवाही.

बाबा, किनार शाबूत आहे. तुम्ही निवांत राहा.

नमस्कार करते.