स्वच्छ बाटली

दर महिन्याला मार्गासनीहून एक सासू सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात यायची. मी तिथं रक्त-लघवी तपासते. ती आधी पदरानं बाकडं पुसायची, सुनेला बसवायची आणि मग पदराआडून सकाळच्या लघवीची बाटली काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरायची. कागदावर सुनेचं नाव असायचं. हिचं मी कधी विचारलं नाही.

पोटुशीच्या मूत्रपिंडांवर दोन जिवांचा भार पडतो. तो झेपेनासा झाला, की अंगातलं प्रथिन लघवीतून वाहून जातं आणि लघवी फेसाळते; वेळीच कळलं नाही, तर पुढं झटके येतात. सुनेचे पाय सुजले होते, रक्तदाबही थोडा चढला होता. पण बाटली नितळ होती, माझी प्रथिन तपासायची पट्टी रंग बदलत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आठव्या महिन्यात सुनेला झटके आले. टेम्पोतून आणेपर्यंत ती गेली होती. पोटातलंही गेलं होतं.

सासू रडली नाही. सवयीनं बाकडं पुसून बसली. मी विचारलं, "लघवीत कधी काही वेगळं दिसलं नाही का?"

"फेस लई यायचा, बाई. असली घान तुमच्या हातात कशी द्यायची? म्हून म्या फेस वतून टाकायची आन् वर पानी घालून आनायची."

तेराव्यानंतर ती एकटीच आली. दवाखान्याची बाटली परत द्यायची राहिली होती. राखेनं घासून तिनं ती लख्ख केली होती.