दस्ती टाकलेली जागा

आसेगावच्या सासुरवाडीत लोखंडी खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर कोणी बसायचं याबद्दल कधी वाद झाला नाही. मोठा जावई देवमन आला की सासरे स्वतःच्या गमछ्यानं खुर्ची पुसत. देवमन एसटीत कंडक्टर, डेपो कारंजा. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची बॅग, घरात बांधलेला पगार. धाकटा जावई जगदेव रिठदचा. त्याच्याकडे कोरडवाहू तुकडा, बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी. तो आला की सतरंजीवर बसे, खुर्चीच्या पायाशी, आणि बसून खो-खो हसे. देवमनला ही व्यवस्था फार पसंत होती. साडू असावा तर असा, असं तो चारचौघांत म्हणायचा. खुर्चीवरून बघितलं की सतरंजीवरची माणसं गोडच दिसतात.

मग जगदेवचा पोरगा संघपाल शिकला. शिकला म्हणजे असा शिकला की थेट बंगळुरूच्या कंपनीत जाऊन बसला. रिठदच्या घरावर आधी स्लॅब पडला, मग फ्रिज आला, मग दारात गाडी उभी राहिली. प्रत्येक बातमीला देवमनच्या छातीत खालून वर काहीतरी सरकायचं. तो त्याला ॲसिडिटी म्हणायचा आणि बायकोकडे, चंपाबाईकडे, जिरं मागायचा. चंपाबाई जिरं द्यायची आणि म्हणायची, "साक्षीचे बाबा, जिऱ्यानं जाते व्हय हे?"

आणि यंदा संघपालनं कळस केला. आईबापाला जहाजातून लक्षद्वीप दाखवायचं ठरवलं. आता त्यानं नुसत्या आईबापाला नेलं असतं तर देवमन कारंजाला बसून निवांत जळला असता. पण पोरगं संस्कारी निघालं. त्यानं चार तिकिटं काढली. "मोठेबाबा, तुमी अन् मोठ्याई नसन तं मजा नाही," असं फोनवर म्हणाला. म्हणजे ज्याच्यावर जळायचं त्याच्याच पोराच्या पैशानं, त्याच्याच शेजारच्या खोलीत झोपून, सकाळी चहाला त्याच्याच समोर हसायचं. नाही कसं म्हणणार? चंपाबाईनं तर हो म्हणायच्या आधीच भाकरीचं पीठ बांधलं होतं.

संघपालला ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही. त्यानं चौघांना कोचीला जहाजावर चढवून दिलं आणि तो परत गेला. जहाजावर पहिल्याच दारात देवमनला कळलं की बुकिंग जगदेवच्या नावावर आहे. पांढऱ्या कपड्यातला माणूस वाकून म्हणाला, "जगदेव सर अँड पार्टी, वेलकम." ज्यानं आख्खी नोकरी जगाला आत सरका, मागं सरका म्हणून सांगितलं, तो आज कोणाची तरी पार्टी झाला होता. देवमननं खिशात जिरं चाचपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेट आलं. जहाज खोल पाण्यात थांबलं आणि लोकांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर न्यायला लागले. जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या होडीत पाय टाकायचा. जगदेवनं नाला ओलांडावा तशी टांग टाकली आणि वर वळून बायकोला हात दिला. देवमननं आधी उजवा पाय पुढे केला, मग डावा, मग परत उजवा. शेवटी दोन खलाशांनी त्याला काखेत धरून सोयाबीनच्या पोत्यासारखा खाली ठेवला. चंपाबाई हसली. चंपाबाई हसली याचं काही नाही, पण ती जगदेवकडे बघून हसली.

बेटाची रेती सरकी काढलेल्या कापसासारखी पांढरी होती. पुढे पाणी असं निळं-हिरवं की चौघंही जागच्या जागी थांबले. या रंगाला काय म्हणावं, असा विचार देवमन मनातल्या मनात करत होता. काहीतरी भारी सुचणार, एवढ्यात जगदेव म्हणाला, "मायबाप! कोणं तं समुद्रात मोरचूद कालवला!"

दोघी बहिणी हसत सुटल्या. "अगदी मोरचूदच वो!" जगदेवची बायको पौर्णिमा म्हणाली. मागच्या पुण्याच्या एका बाईंनी मोरचूद म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि त्याही हसल्या. झाडांवर मोरचुदाचं निळं पाणी आपणही लाख वेळा पाहिलं, मग आपल्याला का नाही सुचलं, हे देवमनला कळेना. समुद्र एकच, तोही या माणसानं आधी उचलला.

मग नारळपाणी आलं, तर पहिला नारळ जगदेव सरांना. नारळवाल्याला मराठी येत नव्हतं, जगदेवला दुसरं काही येत नव्हतं. तरी दोघं झाडाखाली उकिडवे बसून खत, पाणी, कीड असं हातवाऱ्यांनी बोलू लागले. थोड्या वेळानं नारळवाल्यानं जगदेवच्या पाठीवर थाप मारून कोवळी मलई खरवडून दिली. देवमनच्या नारळात मलई नव्हतीच. त्यानं तो डोळ्याला लावून पाहिला.

तिथंच, रिकाम्या नारळाच्या भोकात बघता बघता, त्यानं ठरवलं. आजच्या दिवसात एक तरी गोष्ट अशी झाली पाहिजे, जी देवमननं पाहिली आणि जगदेवनं नाही. एकच. बाकी जहाज, बेट, समुद्र सगळं रिठदवाल्यांनी घेऊन जावं.

ती गोष्ट समोरच होती. काचेच्या बुडाची होडी. होडीच्या मधोमध काच बसवलेली, तिच्यातून समुद्राचा तळ दिसतो म्हणे. जगदेव घरून निघाल्यापासून तिचंच नाव घेत होता. "बाकी काही दाखवू नका, मले थ्या काचीतून मासोया पाह्यच्या हायेत." आता पाणी ओसरत होतं, आणि होडीवाल्यानं तोडक्यामोडक्या हिंदीत सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आखरी चक्कर. इसके बाद नहीं."

देवमन कोणाला न सांगता उठला. किनाऱ्यावर लोक शिस्तीत रांगेत उभे होते. होडी कडेला लागली, माणसं एक-एक करून चढू लागली, आणि ते दृश्य पाहून देवमनच्या अंगातलं जुनं रक्त उसळलं. कारंजा स्टँडवर मंगरूळची गाडी लागल्यावर उसळायचं तसं. त्यानं खिशातली दस्ती काढली. चौकड्याचा हातरुमाल, घामानं मऊ झालेला. एक डोळा मिटून नेम धरला आणि लोकांच्या डोक्यांवरून फेकली. दस्ती बरोब्बर काचेच्या कडेच्या बाकड्यावर जाऊन पडली.

झालं. जागा झाली. देवमननं छाती सैल सोडली. आख्ख्या वाशीम जिल्ह्यात टाकलेल्या दस्तीला कोर्टाच्या ऑर्डरची किंमत आहे. खिडकीतून पडलेल्या दस्तीवर बसायची हिंमत सरपंचाची होत नाही. किती भांडणं आली, किती कॉलरी धरल्या गेल्या, कंडक्टर देवमननं कायम दस्तीच्या बाजूनं निकाल दिला होता. तेव्हा आता घाई कशाची? तो ऐटीत मागं फिरला, बायकोला म्हणाला, "मी जाऊन येतो जरा होडीत," चप्पल झटकली, धोतराचा सोगा खोचावा तसा पँटीचा पाय वर केला, आणि सावकाश परत आला.

होडी गच्च भरली होती. त्याच्या जागेवर, बरोब्बर काचेच्या कडेला, जगदेव बसला होता. रांगेत उभा राहून, नंबर आला तेव्हा, साध्या माणसासारखा. आणि होडीवाला देवमनची दस्ती समुद्रात बुडवून, पिळून, तिनं काच पुसत होता.

"ओ! ओ भाऊ!" देवमन पाण्यातून धावला. "थे जागा माही हाये! दस्ती टाकेल हाये मी!"

"क्या?" होडीवाला म्हणाला.

"दस्ती, दस्ती! मैंने डाली थी ना!"

होडीवाल्यानं हातातलं टपकणारं फडकं वर धरलं. "ये? ये आपका है?"

आख्खी होडी हसली. पुण्याच्या बाईंनी दस्ती म्हणजे काय ते विचारलं. कोणीतरी म्हणालं, "काका, रुमाल टाकून समुद्र बुक करताय का?" देवमन गुडघाभर पाण्यात उभा होता. जगदेव आता हसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जगदेव कशावरही हसायचा.

जगदेव हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर बोलून राह्यले थे. दस्ती आमच्या साडभाऊचीच हाये. मंग जागा बी त्याहिचीच. आमच्याकडं असंच असते." आणि तो होडीतून खाली पाण्यात उतरला. "बसा साडभाऊ. मी काय, मंगच्या चकरीनं जातो."

नंतरची चक्कर नाही, हे दोघांनीही ऐकलं होतं. देवमननं म्हणायला पाहिजे होतं, नको, तूच जाय. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण तोवर त्याचं बूड बाकड्यावर टेकलं होतं.

होडी निघाली. त्याच्याच दस्तीनं पुसलेली काच त्याच्याच समोर सगळ्यात स्वच्छ होती. खाली पिवळ्या मासोळ्यांचा थवा आला, वळला, गेला. मग पट्ट्यापट्ट्याच्या आल्या. मग तळावर काहीतरी विचित्र उगवलेलं दिसलं, दगडही नाही आणि झाडही नाही, बोटांना बोटं फुटावीत तसं. सगळे वा वा करत होते. देवमनही वाकला. पण त्याच्या मनात आलं, जगदेव असता तर याले काय म्हणाला असता? आणि त्यानं मान वर केली. किनाऱ्यावर तिघं एकमेकांचे हात धरून लाटांवर उड्या मारत होते. मधे जगदेव, एका हाताला पौर्णिमा, एका हाताला चंपाबाई. चंपाबाईचा पदर वाऱ्यावर गेला होता आणि ती लग्नाआधी हसली असेल तशी हसत होती. पुढची सगळी फेरी देवमननं एक डोळा काचेवर आणि एक डोळा काठावर ठेवून काढली. दोन्हीकडचं अर्धंच दिसलं.

तो उतरला तसा जगदेव धावत आला. डोळे लहान पोरासारखे. "काय दिसलं साडभाऊ? सांगा न!"

"काही नाही," देवमन म्हणाला. "मासोयाच."

"कश्या मासोया?"

"मासोयावानी मासोया. आपल्या अडाण धरणात असते तश्या."

जगदेव "अच्छा" म्हणाला. रात्री जहाजावर जेवताना त्यानं परत विचारलं, परतीच्या रेल्वेत अकोला येईपर्यंत विचारलं. देवमननं तोंड उघडलं नाही. एवढी एकच गोष्ट हाती लागली होती, ती तो अशी वाटून टाकणार होता?

दिवाळीनंतर आसेगावला दोघांचा साळा देवानंद याच्या पोरीचं कुंकू, म्हणजे साखरपुडा होता. सासरे आता नाहीत. मांडवात भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची रास होती, पण घरात पाहुण्यांची बैठक सतरंजीवरच, आणि लोखंडी खुर्ची तीच. देवानंदनं ती आतून आणली, गमछ्यानं पुसली, आणि सगळ्यांच्या देखत जगदेवसमोर ठेवली. "बसा भाऊजी. जहाजाची गोष्ट सांगा."

देवमनच्या छातीत सरकलं. जिरं घरी राहिलं होतं.

"मी काहून?" जगदेव म्हणाला. "मी तं काठावर होतो. समुद्राच्या पोटातलं साडभाऊनं पाह्यलं. त्याहिले बसवा. मले बी आइकाचं हाये, अजून सांगतलं नाही त्याहिनं." आणि सतरंजीवर मांडी घालून, खुर्चीच्या पायाशी, तो सरसावून बसला.

देवमन खुर्चीवर बसला. आधी तोंडातल्या तोंडात बोलला, मग लोक सरकून जवळ आले तसा रंगला. पिवळ्या मासोळ्या सांगितल्या. जगदेव म्हणाला, "तुरीच्या फुलावानी पिवळ्या?" हो, तशाच. पट्टेवाल्या सांगितल्या. "खारीवानी?" तशाच. मग त्या विचित्र उगवलेल्या वस्तूपाशी देवमन अडला. हातानं दाखवू लागला, दगड नाही, झाड नाही, बोटाले बोट...

"म्हंजे हळदीचा गड्डा उपटला का दिसते, तसं?"

अगदी तसंच होतं. हळदीचा गड्डा, माती झटकलेला. होडीत बसून, पुसलेल्या काचेतून, डोळ्यांनी पाहिलं त्याला हे सुचलं नव्हतं, आणि हा सतरंजीवर बसून सगळं बघत होता. तोंड उघडं, डोळे लकाकलेले, बाजूला पोरंटोरं टेकलेली. "मंग? मंग काय आलं?"

देवमननं दस्ती काढून कपाळ पुसलं. जगदेवच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती, आणि देवानंदचा एक पाहुणा तिच्याकडे यायला निघाला होता. देवमननं बसल्या जागेवरून दस्ती टाकली. पाहुणा वाशीम जिल्ह्यातलाच होता, तिथंच थांबला आणि दुसरीकडे वळला. देवमन खुर्चीवरून उठला.

"काहून उठले भाऊजी?" देवानंदनं विचारलं.

"लोखंड टोचते बुडाले," देवमन म्हणाला आणि जगदेवला खेटून सतरंजीवर बसला. गोष्ट पुढे सुरू झाली. पण सांगताना त्यानं एक हात खुर्चीच्या पायावर ठेवला होता, आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.