देवाच्या नावावर

"खाली बस आणि लिही," मालक म्हणाले.

सोफा रिकामा होता. मालकीणबाईंनी माझ्यासाठी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं. माझे वडील, आप्पा, दारातच उभे. उजवा हात मनगटापासून गेलेला. मी नववीत होते, शाळेतून थेट आलेले, टाय तसाच गळ्यात.

मालकांच्या कबनूरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये आप्पा अकरा वर्षं कामाला होते. पट्टा घसरला की मशीन बंद करून चढवायचा, असा नियम. पण मशीन बंद म्हणजे कापड कमी. म्हणून मालकांनी पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढायला लावली आणि चालू मशीनवरच पट्टा चढवायला सांगितलं. तसा चढवताना आप्पांचा हात ओढला गेला. आता सरकारी चौकशी लागली होती. चौकशीच्या साहेबांकडे इंग्रजीत लेखी जबाब द्यायचा होता, आप्पांच्या नावाने. मालक सांगतील तसा दिला तर आप्पांना वॉचमनचं काम मिळणार होतं.

"लिही, देवाची करणी. कुनाचा दोष न्हाय. ॲक्ट ऑफ गॉड म्हणत्यात की! येतंय न्हवं? का नुसता टाय घालून मिरवतीस? तुमच्यात इंग्लिश मिडियम, म्हणून इचारलं."

मालकीणबाई हसल्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "देवानं जीव तर ठेवला न्हवं, बाळ?"

मला त्या 'बाळ'चीच भीती वाटली.

टेबलावर शाईचा पॅड आधीच उघडून ठेवलेला. आप्पा मोठेपणी सही शिकले होते. आता त्यांचा डावा अंगठा हवा होता.

आमच्या घरात देव नव्हता. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच गेला. शाळेत मात्र होता, आणि चांगला होता. मग जगात वाईट का, असा एकदा पेपरात प्रश्न आला होता. मी लिहिलं होतं, देव आपली परीक्षा घेतो. दहापैकी दहा. त्या वर्तमानपत्रावर बसून पहिल्यांदा शंका आली. परीक्षा आमचीच का? आणि देव चांगला आहे, तर हे त्याच्या नावावर टाकायची एवढी घाई कुणाला?

मी लिहिलं. मालकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. गुपचूप कागद देऊन उठता आलं असतं. वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नसे. तरी मी मोठ्याने मराठीत सांगितलं, "जाळी मालकांनी काढायला लावली. चालू मशीनवर पट्टा चढवायचा हुकूम मालकांचा. असं लिहिलंय."

मालकांनी कागद फाडला. "पोरगीला आवर! वॉचमनचं काम इसर आता!"

आप्पा दारातून आत आले. त्या क्षणी मला त्यांचाही भरवसा वाटेना. मग म्हणाले, "खोटं काय लिव्हलंय तिनं, मालक?"

घरी मी तोच जबाब पुन्हा लिहिला. आप्पांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली आणि तो साहेबांकडे नेऊन दिला. काम मिळालं नाही. चौकशीचं काय झालं, तेही कुणी कळवलं नाही.

देव चांगला असेल तर असू दे. वाईट घडलं की मला माणसाचं नाव हवं. ते मी लिहिणार. पूर्ण, आडनावासकट.