सतरा ताकद, बॉलपेननं

छिन्नीवाल्यानं आपल्या कागदावर ‘ताकद : १७’ हे बॉलपेननं लिहिलं होतं. पुतणी म्हणाली होती, “काका, पेन्सिलीनं लिहा. खेळात आकडे बदलतात.” तो म्हणाला होता, “ताकद काय पेन्सिलीनं लिहायची गोष्ट आहे?”

एकतीस वर्षं त्यानं ओतकामाच्या कारखान्यात काढली. साच्यातून निघालेल्या लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडेला नको ती धार आलेली असते. ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीनं उडवायची, हे त्याचं काम. दिवसाला चाळीस नग. बाकीचे तीस करायचे आणि त्यातले चार परत यायचे. त्याचा एकही परत आला नाही. छिन्नी थरथरायची, तिच्याबरोबर हाडंही. कारखाना सुटला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. आता शर्टाचं वरचं बटण बायको लावते, आणि ती लावत असताना तो भिंतीकडे बघतो.

म्हणून तो सतराचा आकडा. दर रविवारी चार वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौघं बसत. पुतणी गोष्ट सांगायची. खाण, जंगल, राक्षस, सगळं तिच्या डोक्यात. त्या गोष्टीतली माणसं बाकीचे तिघं चालवायचे. छिन्नीवाला योद्धा, त्याची बायको वैद्य, आणि कारखान्यातला जुना स्टोअरवाला सामानाचं खेचर हाकणारा व्यापारी. आपण काय करतोय ते सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, फासा म्हणेल ते खरं. तीन वर्षं हा खेळ चालला होता, आणि त्यात छिन्नीवाला दगडी दारं एकटा उचलायचा.

फासा मात्र त्याच्या बोटांतून निसटायचा. पुतणीनं फासा घोळवून टाकायला एक लाकडी पेला आणून ठेवला होता. त्यानं त्याला हात लावला नाही. उलट नियम त्यानंच केला: टेबलाखाली गेलेला फासा धरायचा नाही, पाळी गेली. नियमात सूट मागणाऱ्यांचा त्याला पहिल्यापासून राग.

त्या रविवारी खाणीच्या तळाशी, भिंतीतून पिशाच्च आलं.

“दिव्याचा उजेड त्याच्या आरपार जातोय,” पुतणी म्हणाली. “पाय नाहीत, हात लांब. काका, तुमच्याकडेच येतंय.”

“घणानं हाणतो.” फासा टेबलावरच राहिला. अठरा.

“घण लागला नाही. धुरातून फिरवल्यासारखा गेला. लोखंड त्याला लागतच नाही. आणि त्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला. ताकद चारनं कमी.”

“झोप काढली की भरून येईल.”

“ही नाही येणार. गेली ती गेली. शून्यावर आली की तुमचाही असाच धूर.”

त्यानं सतरावर काट मारली. शाई कागदात मुरलेली. सतरा दिसतच राहिले. बाजूला तेरा लिहिले.

“चांदीचा भाला काढा की,” बायको म्हणाली. “तीन रविवार घातलेत त्याच्यापायी.”

छिन्नीवाल्यानं स्टोअरवाल्याकडे पाहिलं. स्टोअरवाल्यानं पंख्याकडे.

“भाला जमा आहे,” स्टोअरवाला म्हणाला.

स्टोअरवाल्यानं खेळातही स्टोअर उघडलं होतं. पुठ्ठ्याचे गोल बिल्ले कापले होते. हत्यार न्यायचं तर बिल्ला ठेवायचा, काम संपलं की हत्यार जमा, बिल्ला परत. मागच्या रविवारी साडेपाच वाजले, कारखान्याचा भोंगा व्हायची वेळ, त्यानं हात पुढं केला आणि छिन्नीवाल्यानं भाला जमा केला. पुतणीनं दोनदा विचारलं होतं, “अजून खाणीतच आहात, नक्की परत करताय?” दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती त्यांना चोर म्हणाली.

आता भाला पेटीत, पेटी खेचरावर, आणि खेचर व्यापाऱ्यासकट खाणीच्या तोंडाशी. जायला तीन पाळ्या, यायला तीन.

“घेऊन ये,” छिन्नीवाला म्हणाला.

“बिल्ला?”

“अरे, इथं माझा धूर व्हायची वेळ आली, आणि तू बिल्ला मागतोस?”

“सव्वीस वर्षांत मॅनेजरला दिलं नाही बिल्ल्याशिवाय. तू कोण मोठा लागून गेलास?”

“आणा तो इकडं, मी जाते घेऊन,” बायको म्हणाली. “तुमचं भांडण मिटेपर्यंत ते पिशाच्च म्हातारं होईल.”

पुतणी म्हणाली, “काका, तुम्हीही पळू शकता. पण मग ते काकूंच्या मागं लागेल.”

“मी इथंच आहे. मशाल फिरवून अडवतो.”

अडवलं, पण चार गेले. नऊ. पुढच्या पाळीला फासा बोटांतून घरंगळला आणि टेबलाखाली जाऊन थेट फ्रिजपाशी थांबला.

“काका, पुन्हा टाका ना, काही—”

“नियम आहे.”

तीन गेले. सहा. स्टोअरवाल्याचा जीव खुर्चीत वळवळत होता. बायकोची वैद्य अजून कुठं अर्ध्या वाटेवर.

“मी निघालो,” स्टोअरवाला एकदम म्हणाला.

“कुठं, मामा?” पुतणीनं विचारलं.

“आत. भाला घेऊन. पेटी उघडी, खेचर मोकळं. काय जायचं ते जाऊ दे.” त्याचे कान लाल झाले होते. सव्वीस वर्षांत त्यानं काउंटर उघडा टाकला नव्हता. वाटेत वैद्य भेटली, तेव्हा तिच्या हातातला बिल्ला मात्र त्यानं काढून खिशात घातला.

भाला पोचला तेव्हा आणखी दोन गेले होते. कागदावर चार.

“खुपसतो,” छिन्नीवाला म्हणाला.

“खुपसायला आठ ताकद लागते, काका.”

त्यानं विचारलं, “दांडा केवढा?”

“सहा हात.”

“मागची भिंत दगडाची?”

“हो.”

“मग खुपसत नाही. दांड्याचं बूड भिंतीला टेकवतो, पातं पुढं धरतो. येऊ दे त्याला. नवीन माणूस छिन्नी ढकलतो. दुपारपर्यंत खांदा जातो आणि काम निम्मं. ढकलायचं नसतंच. सरळ धरायचं. जोर समोरच्याला करू द्यायचा.”

पुतणीनं मान हलवली. “पण सरळ धरायला बारा किंवा वर पडायला हवेत. आणि एकच पाळी.”

त्यानं फासा उचलला. बधिर बोटांत तो आहे की नाही तेच कळेना. खाली गेला तर पाळी गेली, आणि पाळीबरोबर ते चारही. त्यानं फासा टेबलावर ठेवला.

“तो पेला दे.”

बायकोनं पेला सरकवला आणि उगाच टेबल पुसायला लागली. त्यानं पेल्यात फासा घोळवला, उलटा केला. चौदा.

पिशाच्च आपल्याच वेगानं पात्यावर आलं, आणि जुनं कापड खिळ्याला अडकून फाटावं तसं वरपासून खालपर्यंत फाटलं. खाणीत नुसता दिव्याचा उजेड राहिला.

साडेपाच वाजले. स्टोअरवाल्यानं सवयीनं हात पुढं केला.

“भाला जमा.”

“नाही. चार ताकदीच्या माणसाला चालताना टेकायला काहीतरी लागतं.”

“मग कायमचा घेतला असं लिहून दे.”

छिन्नीवाल्यानं पुतणीपुढं हात केला. “पेन्सिल दे.”